जाईबाईंचं सहावं शील

विहारात ग्रंथ वाचायला बसल्या की जाईबाई आधी चष्मा पदरानं पुसायच्या, मग ग्रंथावरचं पांढरं फडकं काढून त्याची घडी करायच्या, आणि ती घडी मांडीवर ठेवूनच पहिली ओळ वाचायच्या. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, अमरावतीत राजापेठेच्या मागच्या त्या वस्तीत दिवेलागणीला हाच क्रम. बायका पांढऱ्या साड्या नेसून येत. त्रिसरण-पंचशील होई. जाईबाई वाचत, बाकीच्या ऐकत. आणि सरतेशेवटी, ज्या घरची पाळी असेल त्या घरून आलेला खाऊ वाटला जाई.

खाऊ म्हटला की गोड. कोणी शिरा आणी, कोणी बुंदी, कोणाच्या घरी काही चांगलं झालं असलं तर पेढे. पाऊस लागून राहिला आणि घरी काही करणं झालं नाही तर क्रीमची बिस्किटं आणि वर पाकासारखा चहा. पौर्णिमेला खीर ठरलेली. वाचणारी म्हणून ताट आधी जाईबाईंपुढं येई, आणि जाईबाई कधी नाही म्हणत नसत. दोन्ही हात पुढं करून घेत आणि तिथंच खात.

या नाही न म्हणण्याला मुळं होती, आणि ती तिवस्याला होती. जाईबाईंचं माहेर तिवस्याचं. वडील कापसाच्या जिनात कामाला. त्या लहान होत्या तेव्हा गावातला मिठाईवाला त्यांच्या वस्तीतल्या पोरांच्या हातावर कधी काही ठेवत नसे. जिलेबी कागदावर टाकायची, कागद ओट्याच्या कडेला सरकवायचा आणि आपण दोन पावलं मागं व्हायचं, अशी त्याची रीत. पोरं कागद उचलून पळत. गोड तर लागायचंच, पण जाईला त्या कागदाचाही वास लक्षात राहिला होता. पुढं एका बुद्धजयंतीला वस्तीनं मोठं जेवण केलं. मोर्शीकडून पाहुणे आले होते. एका म्हातारीनं जाईच्या ओंजळीत खीर वाढायला पळी पुढं केली, तर पोर लाजून मागं सरली. वडिलांनी तिला जवळ ओढलं.

"लोकाईनं आपल्याले हातावर देलं नाही, पोरी," ते म्हणाले. "आपल्या मानसानं हातावर ठेवलं, त नाही म्हनू नोको."

वडील बोलून गेले आणि विसरलेही असतील. जाईबाईंनी मात्र ते धरून ठेवलं. शीलं पाच; त्यांच्यापुरतं हे सहावं.

सातवी पास झाल्यावर लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या. नवरा धर्मपाल, पाटबंधारे खात्यात शिपाई. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला हसावं की रागवावं ते कळत नसे. विहारात तेव्हा एक गुरुजी ग्रंथ वाचत. त्यांची बदली झाली त्या वर्षी पहिल्या संध्याकाळी ग्रंथ उघडून ठेवलेला, बायका बसलेल्या, आणि वाचायला कोणीच नाही. पुरुषमंडळी घड्याळ पाहत दाराशी उभी. जाईबाई मागच्या रांगेतून उठल्या आणि येऊन बसल्या. अडखळत वाचलं, घामानं पाठ भिजली, पण वाचलं. त्यानंतर ती जागा त्यांचीच झाली. लेक ज्योत्स्ना मोठी झाली, शिकली, अकोल्याला शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. या सगळ्यात दरवर्षी पावसाळा आला की जाईबाई ग्रंथापुढं असत. घरी त्या कोणाची बायको, कोणाची आई होत्या. तिथं त्या जाईबाई होत्या.

शुगर निघाली ती साठीच्या अलीकडं. गोळी सुरू झाली. रक्त तपासायच्या प्रत्येक खेपेला एक गोष्ट मात्र डॉक्टरबाईंच्या लक्षात यायला लागली. उन्हाळ्यात जरा बरी असणारी शुगर दिवाळीच्या आधी हटकून चढलेली असे.

"आई, तुम्ही पावसाळ्यात करता तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"करते काय? शील पाळते," जाईबाई म्हणाल्या. "अंडं, मासे, मटन सारं बंद. तसंही आमी कुठं रोज खातो, आठवड्यातून एखाद्या खेपेला. पन त्या तीन महिन्यांत हात नाही लावत. एकदम साधं खाते मी."

"साधं म्हणजे?"

जाईबाईंनी सांगितलं. सकाळी चहा-टोस. मग पोहे नाहीतर साबुदाणा. दुपारी भात आणि पातळ वरण. संध्याकाळी विहारातला खाऊ. रात्री भूक राहत नाही, म्हणून पुन्हा चहा आणि दोन टोस.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हे साधं नाही हो. हे सगळं साखरेच्याच घरचं आहे, नुसते कपडे वेगवेगळे. डाळ कुठं? उसळ, भाजी, ताक? मटण सोडलं त्याला माझी काही हरकत नाही. पण त्याच्या जागी ताटात काय आलं?"

"आमच्याकडे पुन्य आन शुगर संगच वाढते, डॉक्टरबाई," शेजारी बसलेले धर्मपाल म्हणाले.

जाईबाईंना ते लागलं. घरी येताना त्या ऑटोत खिडकीकडं तोंड करून बसल्या. वर्षातले सगळ्यांत चांगले तीन महिने, आणि त्यांच्यावरच बोट. त्यांनी ते बोलणं मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यावं लागलं ते यंदाच्या जेठात, अकोल्याला. ज्योत्स्नाकडं गेल्या असताना तिनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, एवढंच दोघींच्या मनात. डॉक्टरांनी औषध घालून बसवून ठेवलं, बराच वेळ उजेड मारून आत पाहिलं आणि खुर्ची मागं घेतली.

"मावशी, डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आलेत. शुगरचे. मधला भाग अजून चांगला आहे. शुगर ताब्यात राहिली तर हे बहुतेक इथंच थांबेल. नाही राहिली तर मधल्या भागाकडं सरकेल, आणि मग पहिलं जाईल ते वाचणं."

"वाचनच काहून पहिलं?"

"मधल्या भागानंच आपण वाचतो, म्हणून. आणि गेलेली नजर मला पूर्ण परत आणता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा या."

बाहेर आल्यावर उन्हानं डोळे दिपत होते, म्हणून ज्योत्स्नानं त्यांचा हात धरला. "आई, ऐकलं ना तू? आता गोड बंद."

"ऐकलं."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर जाईपर्यंत त्या पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या बसून होत्या. डोळे गेले तर भाकरी हातानं चाचपून करता येईल, नातवंडं आवाजावरून ओळखता येतील. ग्रंथ कसा वाचायचा? तिथं मग पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसायचं.

जाईबाईंनी मनाशी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की त्या अर्धं काही करत नसत. आषाढी पौर्णिमा आली तसं चहातली साखर गेली. टोस गेले. मग भात गेला, त्याच्यामागं पोळी गेली. भाकरी अर्धी राहिली, तीही एका वेळेला. रात्री नुसतं पाणी पिऊन त्या अंग टाकत. भूक लागली की बरं वाटायचं त्यांना. आपण काहीतरी करतो आहोत असं वाटायचं.

धर्मपाल ताटाकडं पाहत आणि म्हणत, "ग्रंथात बुद्धानं हे करून पाह्यलं आन सोडलं, असं तूच वाचते ना वो?"

"तुमी जेवा मुकाट्यानं."

आणि संध्याकाळी विहारात ताट पुढं आलं की त्या दोन्ही हात पुढं करून पेढा घेत, कारण तो आपल्या माणसानं हातावर ठेवलेला असे. दिवसभराच्या उपाशी पोटावर तो पेढा असा काही लागे की दुसरा कोणी पुढं केला तर तोही जाई. घरी आल्यावर त्या स्वतःला सांगत, तो खाऊ होता, ते खाणं नव्हतं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी तृष्णेचा भाग वाचायचा होता. जाईबाईंचा हा आवडीचा भाग. तृष्णा कशी उठते, माणसाला कशी ओढून नेते, ते वाचताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा आणि बायका पुढं सरकून ऐकायच्या. त्या दिवशी दुपारी गोळी घेतली होती आणि जेवण असं झालंच नव्हतं. चार ओळी वाचल्या आणि पाचवी ओळ हलायला लागली. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तेच. कपाळावर गार घाम आला.

त्या थांबल्या नाहीत. इतक्या वर्षांत तो भाग तोंडपाठ झाला होता. नजर पानावर ठेवून त्या बोलत राहिल्या, शेवटपर्यंत. कोणाला काही कळलं नाही. शेवटची प्रार्थना, सरणत्तयं, झाली, ताट फिरलं, बायका उठल्या. बालुशाही खाल्ल्यावर तो घाम थांबला, आणि गोडानंच तो थांबला याची जाईबाईंना जास्त भीती वाटली.

बाहेरच्या पायरीवर मनकर्णाबाई बसलेल्या होत्या. मनकर्णाबाई म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या; जाईबाईंपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, वाचता न येणाऱ्या, पण एक संध्याकाळ न चुकवणाऱ्या. पौर्णिमेची खीर त्यांच्या हातची. घट्ट, वेलदोडा घातलेली, आणि जाईबाईंची वाटी नेहमी काठोकाठ.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "पान नाही उलटवलं तू आज."

"आं?"

"मले वाचता येत नाही, पन आयकू येते. तू वाचते तवा मंधामंधात पानाचा आवाज येते. आज नाही आला. काय झालं तुया डोयाले?"

जाईबाईंनी आधी काही नाही म्हणून पाहिलं. मग पायरीवर बसून अकोल्याचं सगळं सांगितलं. ठिपके, मधला भाग, पहिलं काय जाणार ते. मनकर्णाबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू तापत होता.

"आन मी तुले वाटीभर खीर खाऊ घालून राहिली," त्या म्हणाल्या. "मागच्या पुनवेले दुसऱ्यांदा वाढली. तू 'घाला, बाई' म्हने. तुले तोंड नव्हतं काय वो?"

"तुमी हातानं देता. नाही कसं म्हनू? आमचे बाबा सांगत..."

तिवस्याचं, जिलेबीच्या कागदाचं, वडिलांचं, तेही सगळं निघालं. मनकर्णाबाईंनीही तसले कागद उचललेले होते. सांगायची गरज नव्हती.

"तुया बापानं खरं सांगतलं," त्या म्हणाल्या. "पन त्यानं नाही म्हनू नोको म्हनलं. गोडच खाय, असं म्हनलं काय? आमी तुले गोड देतो ते आमची अक्कल. तू आमाले सांगतलंच नाही, त आमी दुसरं देऊ कसं? आमाले परकं करून ठेवलं तू, जाई. नाही म्हनन्यापेक्षा ते वाईट."

घरी गेल्यावर जाईबाईंनी विहारात काय झालं ते धर्मपालांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपाल त्यांना डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि पेन खाली ठेवला. गोळी पोटात आणि जेवण नाही, म्हणून शुगर उतरली. मग उपाशी पोटी गोड, म्हणून चढली. या वरखालीनं नजर अशी पोहते. "मी गोड कमी करा म्हणाले होते. जेवण कमी करा कधी म्हणाले?"

"मले दोन्ही एकच वाटलं," जाईबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर बदललं. एकदम नाही, अडखळतच. जाईबाई पहाटे वंदना झाली की मोड आलेले मूग कांदा घालून परतायच्या आणि चहाच्या आधी तेच खायच्या. दुपारी ज्वारीची भाकरी, बरबटीची, म्हणजे चवळीची, नाहीतर मटकीची उसळ, पावसाळ्यातली जी पालेभाजी बाजारात येईल ती, जवसाची चटणी आणि गिलासभर ताक. भादव्यात अंबाडी आली. भरडलेली ज्वारी आणि तुरीची डाळ घालून शिजवलेल्या भाजीवर त्यांनी लसणाची फोडणी ओतली, तेव्हा धर्मपाल आपण होऊन पाटावर येऊन बसले. भात राहिला, पण वाटीभर. आधी वाटीभर वरण आणि ताटभर भात असे; आता ताट भाजी-उसळीचं आणि वाटी भाताची. रात्री कढी-गोळे, नाहीतर सांबार पेरलेलं बेसन आणि अर्धी भाकरी. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात ती मूठ-मूठ पडते.

जाईबाईंना एक नवल वाटलं. इतके दिवस संध्याकाळ झाली की जीव गोडाकडं धावायचा, तेव्हा त्या आपल्या मनाला बोल लावायच्या. तृष्णा, तृष्णा म्हणून स्वतःला रागवायच्या. आता दुपारी नीट जेवण झालं की ती ओढ येई, पण दारातूनच परत जाई. अर्धी तृष्णा तर नुसती भूक होती. पोटाला द्यायचं ते दिलं नाही म्हणून ती जिभेकडून मागत होती.

उरलेल्या अर्ध्या तृष्णेशी गाठ राखीनंतर पडली. ज्योत्स्ना येऊन गेली. तिच्या नवऱ्यानं, त्याला काही ठाऊक नसल्यानं, सोनपापडीचा डबा आणला होता. धर्मपालांनी तो तांदळाच्या पिंपामागं ठेवला, मनकर्णाबाईंच्या नातवंडांना द्यायचा म्हणून. एका दुपारी धर्मपाल पेन्शनच्या कामाला गेलेले, पोट चांगलं भरलेलं, घरात कोणी नाही. जाईबाई पिंपातून तांदूळ काढायला वाकल्या आणि सोनपापडीचे दोन तुकडे उभ्या उभ्या खाऊन मोकळ्या झाल्या. तिसरा हातात होता तेव्हा त्या भानावर आल्या.

हा कोणी हातावर ठेवला नव्हता. याला वडिलांचं बोलणं लागू नव्हतं. इतकी वर्षं त्या वडिलांना पुढं करून स्वतः मागं लपल्या होत्या, थोड्या तरी. हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. तिसरा तुकडा त्यांनी डब्यात ठेवला, डबा पिशवीत घातला आणि तशाच चपला घालून मनकर्णाबाईंकडं देऊन आल्या.

"दोन कमी दिसते," मनकर्णाबाई डब्यात पाहून म्हणाल्या.

"दोन मी खाल्ले."

"मंग आता पानी पी आन जाय घरी. रडू नोको."

"रडते कोन?"

मनकर्णाबाईंच्या घरची पाळी भाद्रपदात आली. त्या संध्याकाळी त्यांच्या सुनेनं विहारात भलामोठा गंज आणून ठेवला. झाकण काढलं तर आत फोडणीचे हरभरे. कांदा, ओलं खोबरं, सांबार, वर लिंबू. मनकर्णाबाईंनी पहिला द्रोण जाईबाईंच्या हातावर ठेवला, आणि त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या रांगेत कुजबुज झाली. "वर्षावासात फोडणीचे चणे? हे काय हळदीकुंकू आहे काय?" "खीर तरी करायची थोडी. बुद्धाले खीर लागते." कोणीतरी असंही म्हणालं, "मनकर्णाबाईचा हात आता आखडला."

हे शेवटचं मनकर्णाबाईंना झोंबलं. त्या उठायला लागल्या, तेवढ्यात जाईबाई बोलल्या. ग्रंथावर फडकं घातलेलं होतं. त्या वाचत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या, आणि त्याची त्यांना सवय नव्हती.

"हे माह्यासाठी केलं त्यांनी. मले शुगर आहे, आन ती डोयात उतरली. मी कोनाले सांगतलं नाही, ते चुकलं." त्या जरा थांबल्या. "आन खिरीचं म्हनता, त मी ते दरवर्षी वाचते, मलेही आता आता समजून राह्यलं. सुजाताबाईनं खीर दिली तवा बुद्धाचं पोट पाठीले लागलं होतं. त्यानं उपाशी मरनं सोडलं आन अन्न घेतलं. मोठी गोष्ट ते आहे. ती गोड होती, ते नाही. तिच्या घरी त्या दिवशी हरभरे असते, त त्यानं हरभरे घेतले असते."

कोणी हसलं. मग दोघी-तिघी हसल्या. पुरुषांच्या बाजूनं धर्मपाल म्हणाले, "लिंबू मिळन काय थोडं?" आणि द्रोण पुढं सरकले.

सगळं बदललं असं नाही. ज्यांना बुंदी आणायची होती त्यांनी बुंदी आणली, आणि जाईबाईंनी कोणाला बोलून दाखवलं नाही. त्या पूर्वीसारखेच दोन्ही हात पुढं करत. पेढा हातावर घेत, "जयभीम" म्हणत, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या हातावर ठेवत. आपल्या माणसानं हातावर ठेवलेलं. तीही नाही म्हणत नसे. पण काही घरांनी मुगाची उसळ आणली, काहींनी वाफवलेल्या शेंगा, एकीनं नुसते फुटाणे आणि शेंगदाणे. पुढं कळलं की वस्तीत शुगर पुष्कळ घरांत होती. सगळ्याच जणी गप्प राहून पेढे खात होत्या.

अश्विनी पौर्णिमेच्या आधी ज्योत्स्नाकडून बोलावणं आलं म्हणून दोघं अकोल्याला गेले. पुन्हा ते औषध, तो उजेड, खुर्ची. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी धरून पाहिला.

"ठिपके आहेत तेवढेच आहेत," ते म्हणाले. "मधला भाग अजून चांगला आहे. पण मावशी, हे बरं झालं असं समजू नका. थांबलं आहे. थांबवून ठेवणं तुमच्याकडं."

"म्हनजे जन्मभर?"

"जन्मभर."

जाईबाईंनी मान हलवली. शीलं तरी दुसरं काय असतात. एकदा घेतली आणि झालं, असं कुठं असतं. रोज संध्याकाळी पुन्हा म्हणावी लागतातच की.

पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. खीर झालीच, सगळ्यांसाठी, मोठ्या गंजात. मनकर्णाबाईंचे गुडघे त्या आठवड्यात धरले होते म्हणून चुलीशी जाईबाई होत्या आणि मनकर्णाबाई खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. साखर किती झाली ते जाईबाईंनी चाखून पाहिलं नाही; पळी मनकर्णाबाईंपुढं धरली.

"बस," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अजून नोको. पह्यल्यापेक्षा कमीच असू दे. मलेही आताशा लय गोड सोसत नाही."

"तुमी तपासली काय कधी?"

"माह्या वयात तपासून काय करू?"

"सोमवारी माह्यासंगं चाला."

"पाहू."

"पाहू नाही. चाला."

मनकर्णाबाईंनी नाही म्हटलं नाही.

दुपारी सगळे पंगतीला बसले तेव्हा जाईबाई आधी भाकरी, वांग्याची भाजी आणि डाळ जेवल्या. मग मनकर्णाबाईंनी त्यांच्या वाटीत चमच्याएवढी खीर घातली, आणि जाईबाईंनी ती सावकाश खाल्ली. वाटी पुढं करून पुन्हा मागितली नाही. मागावीशी वाटली, हेही खरं.

संध्याकाळी शेवटचा भाग वाचायचा होता. जाईबाईंनी चष्मा पुसला, फडक्याची घडी मांडीवर ठेवली. दारातून येणारा उजेड कमी झाला होता, म्हणून धर्मपालांनी उठून दिवा लावला आणि परत जाऊन बसले. पहिल्या रांगेत मनकर्णाबाई डोळे मिटून, मान किंचित एका बाजूला करून बसल्या होत्या. जाईबाई वाचत गेल्या. पान संपलं. त्यांनी बोटाला ओल लावली आणि ते उलटवलं, जरा मोठा आवाज होईल असं.